वाचकांचे प्रश्न : ट्यूब अ‍ॅम्प घेताना पैसा कुठे लावायचा?

या खेपेला गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पविषयी, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर (ट्यूबवर) चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरविषयी, बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेकांचा पेच एकच आहे : छोट्या कारागिराने हाताने बांधलेला बुटीक अ‍ॅम्प घ्यावा, की कारखान्यातून मोठ्या संख्येने निघणारा बजेट अ‍ॅम्प? निवडक प्रश्न आणि उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : मी ब्लूज आणि जुनं रॉक वाजवतो. हाताने वायरिंग केलेला १८ वॅटचा एक अ‍ॅम्प मनात भरला आहे, पण तेवढ्या पैशांत १५ वॅटचे चार बजेट अ‍ॅम्प येतील. आवाजात खरंच चौपट फरक असतो का?

उत्तर : नाही. सर्किटचं घराणं पाहिलं तर दोन्हीकडे पूर्वज तेच निघतात. मॅचलेस डीसी-३०चं मूळ व्हॉक्स एसी३०मध्ये आहे. १८ वॅटचे बहुतेक बुटीक अ‍ॅम्प मार्शलच्या साठच्या दशकातल्या १८ वॅटच्या नमुन्यावर बेतलेले असतात. खुद्द मार्शलचा जेटीएम४५ फेंडर बेसमनच्या ५एफ६-ए या सर्किटवरून आला. हे आराखडे कुणापासून लपलेले नाहीत. व्हॉक्स एसी१५सी१ किंवा फेंडर ब्लूज ज्युनियर उघडलात तर त्यातही तीन १२एएक्स७ (गिटारचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्प ट्यूब) आणि दोन ईएल८४ (स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूब) याच दिसतील.

मग वरचा पैसा जातो कुठे? मोठा वाटा माणसाच्या हातांच्या तासांचा असतो. उरलेला ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि लाकडात जातो. यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा ट्रान्सफॉर्मर, कानाला लगेच कळतो. गिटारची खालची ई तार ८२ हर्ट्झवर वाजते. इतक्या खालच्या स्वरांना पूर्ण ताकदीनिशी पलीकडे न्यायचं तर ट्रान्सफॉर्मरमध्ये पुरेसं लोखंड लागतं. बजेट अ‍ॅम्पमध्ये काटछाट होते ती नेमकी इथे. छोटा ट्रान्सफॉर्मर हळू वाजवताना कुरकुरत नाही, पण व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर गेला की खालच्या तारा भसाड्या होतात आणि कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळतात. खोलीत हळू वाजवणाऱ्याला हा फरक कधीच ऐकू येणार नाही. ड्रमसोबत वाजवणाऱ्याला पहिल्याच गाण्यात ऐकू येईल.

आवाजावर परिणाम करणाऱ्या गोष्टींचा आमच्या मते लागणारा क्रम असा : स्पीकर सगळ्यांत वर, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर, मग सर्किटमधली मूल्यं, मग ट्यूब. कपॅसिटर कुठल्या ब्रँडचा आणि वायरवर कापड आहे की प्लॅस्टिक, हे पार तळाला. जाहिरातीत मात्र हाच क्रम उलटा दिसतो. म्हणून निवड करताना आधी तीन गोष्टी ठरवा : किती मोठ्याने वाजवणार, अ‍ॅम्प किती वेळा उचलून नेणार आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार. महिन्यातून अनेकदा कार्यक्रम असतील आणि अ‍ॅम्प सतत गाडीत चढत-उतरत असेल तर हातबांधणीचे पैसे वसूल होतात. घरापुरतं वाजवायचं असेल तर बजेट अ‍ॅम्प आणि एक उत्तम स्पीकर या जोडीपुढे बुटीक अ‍ॅम्प फार पुढे जात नाही.

प्रश्न : पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डवर) बांधलेला अ‍ॅम्प म्हणजे कमअस्सल, असं सगळे म्हणतात. कितपत खरं?

उत्तर : पीसीबीला दोष देणं चूक आहे. पीसीबीवर काय काय टांगलं आहे ते बघायला हवं. सोल्डानो एसएलओ-१०० हा अत्यंत नावाजलेला अ‍ॅम्प पीसीबीवरच आहे. उलट पन्नास-साठच्या दशकातल्या फेंडरमधला काळा फायबर बोर्ड हाताने जोडलेला असला तरी वर्षानुवर्षं ओल धरून स्वतःच थोडी वीज वाहू लागतो. मग पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) फिरवताना खरखर होते आणि कारण सापडता सापडत नाही.

चॅसी (अ‍ॅम्पचा पत्र्याचा सांगाडा) उघडून किंवा आतला फोटो मागवून हे पाहा. पॉवर ट्यूबचे सॉकेट चॅसीच्या पत्र्यावर स्क्रूने बसवलेत की थेट बोर्डवर सोल्डर केलेत? ईएल८४ ही लहानशी ट्यूब प्रचंड तापते. सॉकेट बोर्डवर असेल तर प्रत्येक वेळी अ‍ॅम्प तापताना-निवताना पिनांभोवतीचं सोल्डर ताणलं जातं. काही वर्षांत पिनेभोवती केसाएवढी गोल चीर पडते. भिंगातून पाहिली तर ती राखाडी कड्यासारखी दिसते. हेच ते ड्राय सोल्डर. लक्षण असं की अ‍ॅम्प पंधरा-वीस मिनिटं नीट चालतो, मग आवाज अर्धा होतो, वर थाप मारली की परत येतो. पुन्हा सोल्डर केल्यावर दोष जातो, पण उष्णता तिथेच असल्यामुळे काही वर्षांनी परत येतो.

इनपुट जॅकचंही तसंच. प्लॅस्टिकचा जॅक बोर्डवर सोल्डर केलेला असेल आणि पुढच्या पट्टीला नटाने घट्ट नसेल, तर केबलचा प्रत्येक हिसका थेट सोल्डरवर बसतो. पॉटचे पाय बोर्डमध्ये गेलेले असतील तर एक पॉट बदलायलाही अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागतो. त्या दुरुस्तीची मजुरी भागापेक्षा जास्त होते. हाताने बांधलेल्या अ‍ॅम्पमध्ये टरेट बोर्डवरचा (धातूच्या खुंट्या बसवलेल्या पट्टीवरचा) रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने पाच मिनिटांत निघतो, तोही बोर्ड न हलवता. हातबांधणीचा खरा फायदा हा. ती आवाजापेक्षा आयुष्याची आणि दुरुस्तीची हमी आहे.

थोडक्यात, सॉकेट, जॅक आणि पॉट चॅसीवर बसवलेला आणि जाड तांब्याचा बोर्ड असलेला पीसीबी अ‍ॅम्प बिनधास्त घ्या. आणि हेही तपासा की बुटीक अ‍ॅम्पच्या कारागिराने सर्किट लपवण्यासाठी भागांवर इपॉक्सी ओतलेलं नाही ना. डंबल या नावाजलेल्या अमेरिकन कारागिराच्या अ‍ॅम्पमध्ये ते असायचं. त्या नावाला ते शोभलं, पण तुमच्या दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने ती भिंत आहे.

प्रश्न : घरी सराव आणि अधूनमधून बँडबरोबर वाजवणं, यासाठी ५ वॅट घ्यावा, १५ की ३०?

उत्तर : वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे ३० वॅटचा अ‍ॅम्प १५ वॅटच्या मानाने थोडासाच मोठ्याने वाजतो, पण किंमत आणि वजन बरंच वाढतं. हेच ३ डेसिबल स्पीकर बदलूनही मिळतात. सेलेस्टियन व्हिंटेज ३० या स्पीकरची संवेदनशीलता (१ वॅट दिल्यावर एक मीटरवर मिळणारा आवाज) १०० डेसिबल आहे. ९७ डेसिबलचा स्पीकर काढून तो लावलात तर १५ वॅटचा अ‍ॅम्प ३० वॅटसारखा वाजेल.

ट्यूब अ‍ॅम्पचे ५ वॅटसुद्धा बंद खोलीत कानठळ्या बसवतात, हे मात्र विसरू नका. बँडमध्ये क्लीन (न फाटलेला) आवाज हवा असेल तर १५ वॅट ही किमान पायरी. क्रंच (थोडा फाटलेला आवाज) चालत असेल तर १५ पुरेसे. घरासाठी मास्टर व्हॉल्यूम किंवा अ‍ॅटेन्युएटर (अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून शक्ती कमी करणारा डबा) लागेलच. अ‍ॅटेन्युएटर घेताना त्याचे ओहम अ‍ॅम्प आणि स्पीकरशी जुळवा, आणि १५ वॅटच्या अ‍ॅम्पला ३० वॅट पेलणारा घ्या, कारण अ‍ॅम्प पूर्ण ओव्हरड्राइव्ह झाला की लिहिलेल्या वॅटपेक्षा बरीच जास्त शक्ती बाहेर टाकतो. १०-१२ डेसिबलहून अधिक दाबलं तर आवाज मुका होतो. त्यात अ‍ॅटेन्युएटरपेक्षा आपल्या कानाचा वाटा मोठा आहे, कारण हळू आवाजात कान खालचे आणि वरचे स्वर कमी टिपतो.

प्रश्न : एका स्वस्त अ‍ॅम्पवर ‘ट्यूब’ लिहिलं आहे, जाळीतून ट्यूब लुकलुकतानाही दिसते. तो ट्यूब अ‍ॅम्पच ना?

उत्तर : असेलच असं नाही. प्रीअ‍ॅम्पमध्ये एक १२एएक्स७ आणि पुढे सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरचा) पॉवर अ‍ॅम्प अशी रचना सर्रास आढळते. ऑरेंज मायक्रो टेरर असाच आहे आणि तो त्याच्या जागी छान वाजतो, फक्त त्याच्याकडून पॉवर ट्यूबचा दाब मागू नये. ओळख सोपी आहे. मागून ट्यूब मोजा. ईएल८४, ६व्ही६, ६एल६ किंवा ईएल३४ यांपैकी एकही नसेल, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे २० वॅटचं हेड (स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) एका हाताने सहज उचललं जात असेल, तर ते हायब्रिड समजा.

प्रश्न : माझ्याकडे दोन ईएल८४चा १५ वॅटचा बजेट अ‍ॅम्प आहे. नवा घेण्याऐवजी याच्यात काय बदलू, आणि कुठल्या क्रमाने?

उत्तर : आधी स्पीकर. सध्याच्या स्पीकरचे ओहम मागच्या लेबलवर असतात, नवा तेवढ्याच ओहमचा घ्या. १५ वॅटच्या अ‍ॅम्पला निदान २५-३० वॅटचा स्पीकर हवा. मागचं मॅग्नेट मोठं असेल तर ते ट्यूबला किंवा ट्रान्सफॉर्मरला टेकत नाही ना हे पट्टीने मोजून घ्या. कॉम्बोमध्ये (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) ही अडचण नेहमी येते. बसवताना स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने पिळा आणि बेताने घट्ट करा, नाहीतर बास्केट वाकून कॉइल घासू लागते. नवा स्पीकर सुरुवातीला कडक, टोचरा वाटेल. पंधरा-वीस तास वाजवा, मग मत बनवा.

दुसरी पायरी पहिली प्रीअ‍ॅम्प ट्यूब, म्हणजे इनपुट जॅकच्या सर्वांत जवळची व्ही१. बजेट अ‍ॅम्पमध्ये गेन (सिग्नल किती वाढवला जातो ते) बहुधा गरजेपेक्षा जास्त ठेवलेला असतो. १२एएक्स७चा गेन-घटक १०० असतो. तिच्या जागी ५७५१ ही ट्यूब (गेन-घटक ७०) लावून पाहा. आवाज मोकळा होतो, व्हॉल्यूम नॉब दोनवरच फुटत नाही आणि खर्चही एका ट्यूबचाच. बाकीच्या ट्यूब चांगल्या असतील तर त्यांना हात लावू नका. अख्खा संच बदलून फारसं हाती लागत नाही.

तिसरी पायरी बायस, म्हणजे न वाजवतानाही पॉवर ट्यूबमधून वाहणारा प्रवाह, तपासणं. बजेट अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूब बऱ्याचदा गरम चालवलेल्या असतात आणि त्यामुळे लवकर मरतात. इथून पुढे चॅसी उघडावी लागते. आत ३०० व्होल्टहून अधिक डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर तो धरून ठेवतात. मीटर हाताळायची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडे द्या. सवय असेल तर प्लग काढा, १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टरचं एक टोक क्रोकोडाइल क्लिपने चॅसीला लावा, दुसरं इन्सुलेट केलेल्या प्रोबने पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला अर्धा मिनिट धरा, मग मीटरने मोजून १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. ती झाल्याशिवाय आत बोट नाही. मीटरच्या वायरी याच वेळी, अ‍ॅम्प बंद असताना, क्लिपने लावून ठेवा. मग स्पीकर जोडून अ‍ॅम्प चालू करा आणि फक्त आकडे वाचा. पुढच्या मापासाठी वायर हलवायची असेल तर पुन्हा बंद, पुन्हा डिस्चार्ज.

कॅथोड, स्क्रीन आणि प्लेट हे ट्यूबच्या आतले भाग. कॅथोड बायस (कॅथोडवरच्या रेझिस्टरने आपोआप ठरणारा) असेल तर हिशेब असा. दोन्ही ईएल८४च्या सामायिक कॅथोड रेझिस्टरवरचा व्होल्ट मोजा. समजा १३० ओहमवर १०.४ व्होल्ट आले. १०.४ ला १३० ने भागलं की ८० मिलीअँपिअर, म्हणजे एका ट्यूबला ४०. त्यातला सुमारे दहावा हिस्सा स्क्रीनचा, म्हणून प्लेटला ३६. प्लेट आणि कॅथोडमधला व्होल्टेज ३२० असेल तर ३२० गुणिले ०.०३६, म्हणजे साधारण ११.५ वॅट. ईएल८४ची मर्यादा १२ वॅट आहे, तेव्हा हे ठीक. तोच आकडा १३-१४ वॅट आला तर १३०च्या जागी १५० किंवा १६० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर टाका आणि परत मोजा.

तुमच्या अ‍ॅम्पमध्ये फिक्स्ड बायस (वेगळ्या निगेटिव्ह व्होल्टेजने ठरवलेला) असेल तर मर्यादेच्या ७० टक्के धरा. ईएल८४ला ते ८.४ वॅट होतात. फिक्स्ड बायसच्या काही बजेट अ‍ॅम्पमध्ये जुळवायला पॉटच नसतो. तिथे निगेटिव्ह पुरवठ्यातला एक रेझिस्टर बदलावा लागतो. तो कोणता हे सर्किटचा आराखडा समोर ठेवूनच ठरवायचं, अंदाजाने नाही.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर शेवटी, आणि वरचं सगळं झाल्यावरही खालच्या तारा भसाड्या वाटल्या तरच. नव्या ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी इम्पिडन्स दोन ईएल८४साठी साधारण ८ किलोओहम हवा. जोडणीनंतर अ‍ॅम्प सुरू करताच मोठी शिट्टी आली तर घाबरू नका : निगेटिव्ह फीडबॅकची (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे देण्याच्या सोयीची) दिशा उलटी झाली आहे. लगेच बंद करा, डिस्चार्ज करा आणि प्लेटला जाणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल करा.

एवढं केल्यावर थांबा. स्पीकर, ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर मिळून खर्च अ‍ॅम्पच्या किमतीच्या पुढे जाऊ लागला की ते पैसे वरच्या अ‍ॅम्पसाठी बाजूला टाकलेले बरे. बदललेल्या बजेट अ‍ॅम्पला विकताना मूळ अ‍ॅम्पइतकीच किंमत येते. तेव्हा जुना स्पीकर टाकून देऊ नका.

प्रश्न : महागडा हाताने बांधलेला अ‍ॅम्प घेतला, तर त्यात जुन्या स्वस्त अ‍ॅम्पपेक्षा जास्त ‘स्स्स’ ऐकू येतं. फसवणूक झाली का?

उत्तर : फसवणूक म्हणता येणार नाही. जुन्या काळच्या नमुन्याला धरून राहण्यासाठी काही कारागीर कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर वापरतात, आणि ते मेटल फिल्मपेक्षा जास्त सुसकारतात. शिवाय तुमचा नवा स्पीकर जास्त संवेदनशील असेल तर तो सूं आवाजही तेवढाच मोठा करून ऐकवतो. आधी व्ही१ची ट्यूब बदलून पाहा. फरक पडला नाही तर कारागिराला विचारून व्ही१चे १०० किलोओहमचे प्लेट रेझिस्टर मेटल फिल्मचे लावून घ्या. एवढ्याने बहुतेक काम होतं आणि आवाजाचा पोत बदलत नाही. मात्र आवाज ‘स्स्स’ नसून जाड ‘हूं’ असेल तर तो हम. त्याचं मूळ ग्राउंड, फिल्टर कपॅसिटर किंवा न जुळणाऱ्या पॉवर ट्यूब यांत शोधा. नव्या अ‍ॅम्पला तो असेल तर परत पाठवा.

प्रश्न : परदेशातला एक वापरलेला बुटीक अ‍ॅम्प निम्म्या किमतीत मिळतो आहे. तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा आहे, आमच्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. घ्यावा का? तपासू कसा?

उत्तर : पहिला प्रश्न पॉवर ट्रान्सफॉर्मरचा. अनेक कारागीर एकापेक्षा अधिक व्होल्टेजची प्रायमरी (वीज आत येते ती गुंडाळी) असलेला ट्रान्सफॉर्मर वापरतात. तसं असेल तर आतल्या दोन वायरी आणि फ्यूज बदलून काम भागतं. २३० व्होल्टवर फ्यूज १२० व्होल्टच्या फ्यूजच्या निम्म्या अँपिअरचा लागतो, हे बदलणाऱ्याच्या लक्षात राहायला हवं. प्रायमरी फक्त १२० व्होल्टची असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेल्या व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअरच्या) दुप्पट क्षमतेचा आणि अर्थिंगची तिसरी पिन पुढे नेणारा घ्या. पण स्टेप-डाउन व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ तेच राहतात. केवळ ६० हर्ट्झसाठी आखलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. दोन तास चालवल्यावर त्यावर हात ठेववत नसेल तर तो बदलण्याचा खर्च धरूनच सौदा करा.

प्रत्यक्ष पाहायला मिळाला तर अर्धा तास मागून घ्या. सगळे नॉब शून्यावर ठेवून चालू करा आणि दोन मिनिटं नुसतं ऐका. मग एकेक नॉब सावकाश फिरवा. खरखर मध्येच येऊन जात असेल तर धूळ आहे. ती व्हॉल्यूमच्या पॉटवर कायम असेल तर आधीचा कपॅसिटर डीसी गळू देत असावा. लाकडी पेन्सिलीने प्रीअ‍ॅम्प ट्यूबवर हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर ती मायक्रोफोनिक (धक्क्यांचाही आवाज पकडणारी) झाली आहे, स्वस्तात बदलता येते. मग व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवून सलग वीस मिनिटं वाजवा, कारण उष्णतेने उघडे पडणारे दोष त्याआधी दिसतच नाहीत. वरच्या तारांवर स्वर ओढताना मागे दुसराच बेसूर स्वर ऐकू आला तर फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत. पंधरा-वीस वर्षांनंतर ते बदलावेच लागतात.

शेवटी दिवा मालवून पॉवर ट्यूबकडे पाहा. काचेवरची निळसर झाक निरुपद्रवी आहे. पण आतल्या राखाडी प्लेटवर लाल डाग उमटत असेल तर अ‍ॅम्प तत्क्षणी बंद करा. ट्यूब जळते आहे, आणि तिच्यापाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

विकणाऱ्याकडून दोन गोष्टी लेखी मागा : सर्किटचा आराखडा, आणि ट्रान्सफॉर्मर मूळचे आहेत की बदललेले याची माहिती. एकट्याने काम करणाऱ्या कारागिराने व्यवसाय बंद केला तर पुढची सगळी दुरुस्ती त्या आराखड्यावरच अवलंबून राहते.

प्रश्न : वेगळं हेड आणि कॅबिनेट घेतलं आहे. जोडायला साधी गिटार केबल चालेल का?

उत्तर : चालणार नाही. गिटार केबलची आतली तार बारीक असते, ती तापते आणि तुटते किंवा शॉर्ट होते. दोन जाड तारांची स्पीकर केबलच वापरा. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय कधीही वाजवू नका : भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं उसळतं की आतलं इन्सुलेशन फुटतं, आणि बजेट असो की बुटीक, दुरुस्तीतला सर्वांत महाग भाग तोच आहे. ८ ओहमच्या कॅबिनेटला ८ ओहमचाच जॅक द्या. केबल खोचल्यावर दोन्ही टोकं एकदा ओढून पाहा, मगच स्टँडबाय (ट्यूब तापेपर्यंत आवाज रोखणारा स्विच) उघडा.